भीमेवरचं उजनी धरण आपलंच आहे, मग कृष्णेच्या पाण्यावरून कर्नाटक-आंध्रशी वाद कसला?

अहो, भीमा शेवटी कर्नाटकात जाऊन कृष्णेलाच मिळते ना, म्हणून उजनीत अडवलेलं पाणीपण महाराष्ट्राच्या कृष्णेच्या कोट्यातच धरतात. १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याखाली १९६९ ला बच्छावत लवाद नेमला, त्यांनी २०६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी धरून वाटणी केली, महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००. मग २००४ ला ब्रिजेशकुमार लवाद आला, २०१० च्या निकालात आपला वाटा ६६६ झाला आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५२४ मीटरपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली, पण प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ते अजून लटकलेलंच आहे, त्यात तेलंगणा वेगळं झाल्यावर अजून एक वाटेकरी वाढला.

पण कागदावरचं सोडा, दक्षिण सोलापूरला औज बंधाऱ्यावर एकदा जाऊन बघा. भीमेच्या अलीकडे आपण, पलीकडे कर्नाटक. सोलापूर शहराला प्यायला म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडतात, ते कितीतरी दिवस वाहत इथे येतं आणि दोन्ही काठांना शेतकऱ्यांच्या मोटारी लागलेल्या असतात, आपल्या काठाची लाईट बंद करता येते, समोरच्या काठाची कोण करणार? त्या शेतकऱ्याचाही ऊस वाळतच असतो, त्याला चोर म्हणणं मला तरी पटत नाही. माझ्या मते पाणी सोडायच्या आधी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी बसून वेळापत्रक ठरवावं, आणि शहराचं पिण्याचं पाणी नदीतून न आणता पूर्ण पाईपलाईननेच आणावं.