एडिसनला राहणार असशील तर आधी बेस बघ, पगार नंतर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत घर, मुंबई बेस (म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ), एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, म्हणून दुसरं वर्ष. बायको अमेरिकेची नागरिक, न्यू जर्सीतल्या एडिसनला नोकरीला. ग्रीन कार्डाची मुलाखत बीकेसीतल्या वकिलातीत व्हायची आहे. तिकडच्या रीजनल एअरलाइनचा, म्हणजे बड्या कंपन्यांसाठी छोट्या मार्गांवर उडणाऱ्या कंपनीचा, ताशी 90 डॉलरचा दर वाचून तू रुपयांत हिशेब मांडलास आणि विचारलंस, "दादा, राजीनामा टाकू का?"

आत्ता नको. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. तुझी परिस्थिती इथे येणाऱ्या बहुतेकांपेक्षा चांगली आहे, फक्त तू मांडलेल्या कारणांमुळे नाही. मी पार्ल्याचा, मुंबईतच एटीआरवर होतो आणि आता इकडे अमेरिकेत एम्ब्राएर 175 जेटवर आहे. दोन्हीकडची पगाराची स्लिप पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो 90 चा आकडा. 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या तीन कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तिथवर नेला आणि मग बाकीच्यांनाही हात सैल करावा लागला. पण हे पैसे ब्लॉक टाइमचे. पार्किंग ब्रेक सुटल्यापासून पुन्हा लागेपर्यंत घड्याळ चालतं, एवढंच. रिपोर्टिंग, ब्रीफिंग, विमानाभोवती फिरून करायची पाहणी, दोन उड्डाणांच्या मध्ये गेटवर काढलेले तीन तास, यातल्या कशालाही तो दर लागू नाही. ट्रिपवर बेसपासून दूर असेपर्यंत ताशी दोन-अडीच डॉलर जेवणभत्ता मिळतो. आपल्याकडे ठरलेला पगार आणि वर उड्डाणभत्ता असतो, त्यामुळे ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही.

म्हणून दर विचारू नकोस, महिन्याची किमान हमी किती तासांची ते विचार. बऱ्याच ठिकाणी ती 75 तासांच्या आसपास असते. म्हणजे महिन्याला 6,750 डॉलर, वर्षाला 81,000. त्यातले 7.65 टक्के, म्हणजे जवळजवळ 6,200 डॉलर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला जातात. मग फेडरल टॅक्स, न्यू जर्सीचा राज्य टॅक्स आणि आरोग्य विम्याचा हप्ता. हाती उरतं त्यात दोघांचा संसार नीट चालतो, पण रुपयांत गुणाकार केल्यावर दिसतो तसा तो थाट नसतो. ट्रेनिंगच्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण हमी मिळते की त्याहून कमी, हेही लेखी विचारून घे. साइनिंग बोनस देऊ केला तर परतफेडीची अट किती महिन्यांची आहे ते सही करण्याआधी वाच.

आता पात्रता. 12 फेब्रुवारी 2009 ला कोल्गन एअरचं न्यूअर्कहून बफेलोला जाणारं विमान पडलं आणि 50 माणसं गेली. त्यानंतर अमेरिकी संसदेने कायदा केला आणि 2013 पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी, म्हणजे पायलटचं सगळ्यात वरचं लायसन्स, लागते. त्यासाठी साधारण 1,500 तासांचं उड्डाण हवं. पदवी असेल तर 1,000 तासांत जमतं असं तू कुठेतरी वाचलंस, पण ती सवलत एफएएने, म्हणजे इथल्या विमानवाहतूक नियामकाने, मान्यता दिलेल्या इथल्याच संस्थांच्या पदवीला आहे. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी त्यात धरत नाहीत.

एटीआरचे तुझे तास एकूण बेरजेत धरले जातात, काळजी करू नकोस. अडचण येते ती दुसरीकडे. एटीपीसाठी 250 तास पीआयसीचे (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले) किंवा कॅप्टनच्या देखरेखीखाली पीआयसीची कामं केलेले लागतात. फ्लाइंग स्कूलमधून 200 तासांवर सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) घेऊन थेट एटीआरवर बसलेल्यांची लॉगबुकं इथेच अपुरी पडतात. आज रात्री लॉगबुक काढ आणि पी-वन (म्हणजेच पीआयसी) आणि पी-वन अंडर सुपरव्हिजनची बेरीज कर. देखरेखीखालच्या तासांच्या प्रत्येक नोंदीवर कॅप्टनची सही आहे का ते बघ. नसेल तर ते कॅप्टन मुंबईत आहेत तोवर घेऊन टाक, नंतर माणसं शोधत बसावं लागतं.

दुसरं, इथे कॅप्टन व्हायला 1,000 तास इथल्याच एअरलाइनमधले लागतात, ज्याला पार्ट 121 म्हणतात. परदेशी एअरलाइनमधले तास त्यात चालत नाहीत. तू मुंबईत कॅप्टन होऊन आलास तरी इथे उजवीकडच्या सीटवरूनच सुरुवात.

आणि सुरुवात म्हणजे यादीच्या तळापासून. इथे सगळं सिनिऑरिटी नंबरवर चालतं: बेस, विमान, रोस्टर, सुट्ट्या, गणपतीला घरी जाता येईल की नाही तेसुद्धा. तुझ्या आदल्या आठवड्याच्या बॅचमधला पोरगा कायम तुझ्या पुढे. नवा माणूस बहुधा रिझर्व्हवर असतो, आपल्याकडचा स्टँडबाय म्हण, पण महिनाभर. शॉर्ट कॉल असेल तर फोन आल्यापासून दोनेक तासांत विमानतळावर हजर व्हायचं. ही खिडकी दिवसाला 14 तासांपर्यंत उघडी असू शकते.

इथेच सगळं ठरतं. मुंबईत पहाटे तीनला कंपनीची गाडी सोसायटीच्या गेटशी येते, वॉचमन वर फोन करतो, आपण डोळे चोळत मागच्या सीटवर बसतो. इथे गाडी येत नाही. बेस शिकागो आणि घर दुसऱ्या राज्यात असेल, तर आदल्या दिवशी स्वतः विमान पकडून बेसला पोचायचं. जम्पसीट (विमानातली कर्मचाऱ्यांसाठीची जादा सीट) मिळाली तर ठीक, नाही तर पुढचं विमान. तो वेळ ना पगारात, ना विश्रांतीत. रिझर्व्हच्या दिवसांसाठी विमानतळाजवळ क्रॅश पॅड घ्यायचा, महिन्याला काही शे डॉलर भाडं. मी राहिलो त्या खोलीत तीन दुमजली बंक होते. खिडकीला काळं प्लास्टिक चिकटवलेलं, कारण कुणी ना कुणी कायम झोपलेला. पहाटे चारला कुणाचाही फोन वाजला की सहाही जण आपला फोन चाचपायचे. किटलीतल्या पाण्यात मी आईने पाठवलेली उपम्याची पाकिटं भिजवायचो आणि बाकीचे वासाने उठू नयेत म्हणून बाहेर जिन्यात बसून खायचो. कोल्गनच्या त्या विमानातली फर्स्ट ऑफिसर सिएटलला राहायची, बेस न्यूअर्क. आदल्या रात्री देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येऊन ती ड्युटीवर चढली होती. अपघाताच्या निष्कर्षात तपास मंडळाने कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादावर बोट ठेवलं, पण दोघांच्या थकव्याचीही नोंद घेतली. रिझर्व्हवर असताना मला ती वारंवार आठवायची.

तुझी परिस्थिती चांगली म्हटलं ते यामुळेच. एडिसनहून न्यूअर्क, लाग्वार्डिया, जेएफके आणि फिलाडेल्फिया, चारही गाडीने गाठता येतात. शिवाय न्यूयॉर्कच्या बाजूचे बेस महागाईमुळे सिनिअर लोक टाळतात, म्हणून ते नव्यांना लवकर मिळतात. जी जागा इतरांना शिक्षा वाटते तिथे तुझी बायको आणि स्वयंपाकघर आहे. शॉर्ट कॉलचा फोन घरच्या सोफ्यावर येणार असेल तर रिझर्व्हचं वर्ष सुसह्य होतं. म्हणून अर्ज करताना दराचा तक्ता बाजूला ठेव. कुठल्या कंपनीचा बेस या चारांपैकी कुठे आहे आणि नव्या बॅचला तो मिळतोय का, हे विचार. ताशी पाच डॉलर कमी आणि बेस न्यूअर्क असेल तर डोळे मिटून न्यूअर्क घे. त्यातही लाग्वार्डिया आणि जेएफकेला शॉर्ट कॉलवर एडिसनहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तासांत पोचणं अवघड जातं, न्यूअर्क सोपं.

विश्रांतीबद्दल तू लिहिलंस की अमेरिकेत नियम जास्त माणुसकीचे असतील. सगळे नाहीत. आपल्या नियामकाच्या, डीजीसीएच्या, नव्या एफडीटीएलमध्ये (ड्युटी आणि विश्रांतीच्या नियमांत) आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तासांवर गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये नियमांचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर डिसेंबरमध्ये इंडिगोची काय तारांबळ उडाली ते तू आतून पाहिलंस. इथे 168 तासांत, म्हणजे आठवड्यात, सलग 30 तास मोकळे मिळाले की नियम पुरा होतो. मात्र दोन ड्युट्यांमध्ये किमान 10 तास आणि त्यात 8 तास अखंड झोपेची संधी, हे इथे काटेकोर पाळतात. थकलोय म्हणून ड्युटी नाकारण्याचा हक्क नियमातच लिहिलेला आहे आणि माणसं तो वापरतात. हे मला इथे खरोखर मोलाचं वाटतं. बहुतेक कंपन्यांत पायलटांची युनियन आहे आणि करार कागदावर असतो. मिळवून वाच, विशेषतः फ्लाइट रद्द झाल्यावर पगार मिळतो का आणि डेडहेडला (कंपनीच्या कामासाठी प्रवासी म्हणून बसून जाण्याला) पूर्ण दर आहे का.

हिवाळ्याचं फार सांगत नाही, शिकवतात सगळं. डी-आयसिंगच्या (विमानावरचा बर्फ काढायच्या) रांगेत विमान उभं असतं तेव्हा ब्रेक सुटलेला असल्याने पगार चालू असतो, एवढं लक्षात ठेव.

भरतीचा जोर मात्र कायम नसतो. 2022 मध्ये पायलट मिळत नव्हते. 2024 मध्ये बड्या कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि रीजनलमध्ये निवड झालेले लोकही बॅचची तारीख कधी येते म्हणून बसून राहिले. शिवाय ग्रीन कार्ड हातात नसताना कुणी तारीख देत नाही.

म्हणून क्रम असा ठेव. वकिलातीतली मुलाखत होऊ दे आणि व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर पडू दे. तोवर उडत राहा, 1,500 पार कर, पीआयसीची तूट भरून काढ. डीजीसीएच्या नियमानुसार को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे, कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, वर्षाची. कमांडसाठी नाव लागलं तर होकार देण्याआधी हे जमेस धर. टाइप रेटिंगचा (एटीआरच्या ट्रेनिंगसाठी कंपनीला लिहून दिलेला) बाँड किती उरलाय तेही बघ. नोटीस शिक्क्यानंतर दे. व्हिसाची मुदत बहुधा सहा महिनेच असते, म्हणून शिक्का पडायच्या आधी एचआरशी बोलून नोटिशीतून किती सूट मिळते ते काढून ठेव. सूट मिळाली नाही तर मुदतीत एकदा येऊन, कार्ड घेऊन, परत जाऊन नोटीस पुरी करता येते. तसं करायचं ठरलं तर वकिलाचा सल्ला घे.

लॉगबुकाची बेरीज झाली की पीआयसीचा आकडा मला कळव. 250 ला किती कमी पडतात त्यावर, ते तिकडे भरायचे की इथे येऊन छोट्या विमानावर, हे आपण ठरवू.