सिव्हिलच्या वॉर्डात एकदा जाऊन या

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही लांज्याचे. माझ्या मुलीला यंदा रत्नागिरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळतेय. पण तिचे डोंबिवलीचे मामा म्हणतात, "नव्या कॉलेजात घालू नकोस, पुढे इंटर्नशिपला मोठं हॉस्पिटल मिळणार नाही. वर्षभर थांबा, 'नीट' परीक्षा पुन्हा देऊ दे, केईएम नाहीतर जेजे मिळवू." त्यातच एक एजंट परदेशातल्या कॉलेजचं सांगून गेलाय. तिथे झकास हॉस्पिटलात इंटर्नशिप नक्की, असं त्याचं म्हणणं. मुलगी काहीच बोलत नाही. काय करावं?
— एक आई, लांजा

उत्तर : ताई, मुलीचं अभिनंदन. आधी मामांच्या भीतीचं बघू.

आपल्याकडे इंटर्नशिप एमबीबीएसच्या जागेबरोबरच येते. साडेचार वर्षं शिक्षण आणि मग एक वर्ष इंटर्नशिप, तीही आपल्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात. त्यासाठी दारोदार अर्ज नाहीत, मुलाखत नाही. २०२१ च्या नियमांनी तिचे ५२ आठवडे वाटून दिलेत : पीएसएमचे (म्हणजे सामाजिक आरोग्याचे) १२, बाळंतपण आणि स्त्रीरोगाचे ७, मेडिसिन आणि सर्जरीचे प्रत्येकी ६, बालरोगाचे ३, बाकीच्यांचे त्याहून कमी. परळच्या केईएमला हीच वाटणी आणि रत्नागिरीलाही हीच. पुढे एमडी-एमएसला जायचं तर नीट-पीजीचे गुण लागतात.

तरी कॉलेजने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. फरक पडतो, आणि तो त्या वर्षभरात मुलीच्या हातून काय काय होतं यात पडतो.

मी मिरजेला शिकले आणि पुढे नोकरीची बरीच वर्षं कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात काढली. आमच्याकडे बॉन्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, नवे डॉक्टर यायचे, राज्यभरातल्या कॉलेजांतून. लावणीच्या दिवसांतली एक रात्र सांगते. शेतावरून बाई आणली होती, घोट्याला फुरसं चावलेलं, पाय सुजत चाललेला. ड्युटीवर जिल्ह्याच्या गावातल्या लहान कॉलेजातून आलेली मुलगी होती. तिने काचेची कोरडी, स्वच्छ नळी मागितली, दोन मिली रक्त घेतलं, नळी स्टँडवर ठेवली आणि नातेवाइकांना बजावलं, "हिला कुणी हात लावायचा नाही." वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषामुळे ते गोठत नव्हतं. तिने लगेच सर्पविषावरची लस सुरू केली. तिला ना पुस्तक उघडावं लागलं ना मला फोन करावा लागला, कारण इंटर्न असताना हे तिने स्वतः केलं होतं.

त्याच वर्षी मुंबईच्या नामांकित कॉलेजातला एक मुलगा आला. अतिशय हुशार. पण अशाच केसला त्याने प्लॅस्टिकची बाटली पुढे केली. त्यात गोठण्याची ही तपासणी खरी येत नाही. त्याच्या वॉर्डात असली कामं रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस करणारे डॉक्टर, करायचे आणि इंटर्नच्या वाट्याला नमुने लॅबला पोचवणं, रिपोर्ट आणणं यायचं. हेही सांगायला हवं, की ईसीजी बघताक्षणी हार्ट अटॅक ओळखण्यात त्याचा हात आमच्याकडे कुणी धरला नसता. तसे पेशंट त्याने ढिगाने पाहिले होते.

मोठ्या हॉस्पिटलात दुर्मीळ आजार, मोठ्या शस्त्रक्रिया, गाजलेले शिक्षक बघायला मिळतात. रत्नागिरीहून गंभीर पेशंट कोल्हापूरला पाठवतात, तळकोकणातून गोव्याच्या बांबोळीला, तिथल्या मेडिकल कॉलेजात. तेवढं मुलीच्या नजरेआड राहील, हे मान्य करूनच जागा घ्यायची. पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप), सर्पदंश, विंचूदंश, अडलेलं बाळंतपण हे सगळं आपल्या दारात आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जगापुढे मांडला तो महाडच्या बाजूला काम करूनच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रत्नागिरीचं कॉलेज २०२३ मध्ये सुरू झालं. म्हणजे पहिली तुकडी इंटर्नशिपला लागेल ती २०२८ च्या सुमारास, आणि तुमच्या मुलीच्या वेळेपर्यंत घडी थोडी बसलेली असेल. मला काळजी वाटते ती वेगळीच. नव्या ठिकाणी रेसिडेंट कमी, त्यामुळे काम इंटर्नच्या हातात लवकर येतं. पण मागे उभं राहून बघणारं कुणी नसेल तर चुकीची सवयही तितक्याच लवकर लागते. म्हणून मायलेकी एखाद्या सकाळी दहाच्या सुमारास रत्नागिरीच्या सिव्हिलला, म्हणजे कॉलेजच्या हॉस्पिटलात, जा. केसपेपरची रांग बघा, खाटा भरलेल्या आहेत का बघा. महिन्याला बाळंतपणं किती होतात, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारा. वरच्या वर्गातल्या मुलींना गाठून एवढंच विचारा, की वॉर्डात सर रोज येतात का आणि पेशंटजवळ उभं राहून शिकवतात का. त्याचं उत्तर "हो" आलं, तर जागा घ्या. पुढच्या वर्षी केईएम मिळेलच याची हमी मामा देऊ शकत नाहीत, कुणीच देऊ शकत नाही. मुलीशीही बोला, पण मामा समोर नसताना.

आता एजंट. मामांना वाटते ती भीती खरी आहे ती या वाटेवर. परदेशात शिकून इथे प्रॅक्टिस करायची तर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. मग इथली पात्रता परीक्षा, आणि ती सुटली की इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. ती एजंटच्या त्या झकास हॉस्पिटलात होत नाही. इथल्या मान्य हॉस्पिटलांत अशा मुलांसाठी जागा मोजक्याच असतात आणि मुलं त्यासाठी ताटकळतात. याबद्दल एजंटने काही सांगितलं का? त्याच्याकडून महिने, भाषा आणि इंटर्नशिपचं ठिकाण लेखी मागा. तो कागद हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.