प्रश्न तुमचे : एका सापळ्यात दोन ल्यूर लावावेत का?

प्रश्न : कपाशीत गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावलेत, पण त्यात अमेरिकन बोंडअळीचे पतंग पडत नाहीत. दोन्हींचे ल्यूर (मादीसारखा गंध सोडणाऱ्या कुप्या) एकाच सापळ्यात टांगले तर?
— एक कापूस उत्पादक, यवतमाळ

उत्तर : टांगू नका. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध म्हणजे एकाच रेणूची दोन रूपे, साधारण निम्मी-निम्मी. अमेरिकन बोंडअळीचे रसायनच वेगळे : झेड-11-हेक्झाडेसिनल सुमारे 97 टक्के, झेड-9-हेक्झाडेसिनल 3 टक्के. रेणूतला दुहेरी बंध दोन कार्बन सरकला, तरी नराच्या लेखी तो वास निराळा.

ही पारख कशी होते, हे रेशीमकिड्याच्या पतंगात सर्वांत नीट उलगडले आहे. नराच्या प्रत्येक मिशीवर सुमारे 17 हजार लांब गंधकेस असतात. केसाच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून रेणू आत शिरतो. आत पाणीदार द्रव आणि रेणू तेलकट. म्हणून एक वाहक प्रथिन त्याला चेतापेशीपर्यंत पोचवते. तिथे गंध ओळखणारे ग्राही प्रथिन ‘ऑर्को’ या जोडीदार प्रथिनासह बसलेले असते. रेणू जुळला की दोघांनी मिळून बनवलेला आयनमार्ग (विद्युतभारित कणांची वाट) उघडतो आणि मेंदूकडे संदेश निघतो. काम झालेला गंध विकरे (एन्झाइम) लगेच मोडतात, नाहीतर पुढची झुळूक नराला कळणारच नाही. निवड ग्राहीच करतो, याचा पुरावा मजेदार आहे : कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा ग्राही रेशीमकिड्याच्या नरात घातला, तेव्हा तो त्या परक्या मादीच्या वासानेही प्रणयचेष्टा करू लागला.

शिवाय अमेरिकन बोंडअळीच्या कुळातल्या नरांच्या मिशांत परक्या जातींचे घटक ओळखणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. असा घटक मिसळला की नर सापळ्याकडे फिरकत नाही. म्हणून प्रत्येक किडीचे सापळे स्वतंत्र, एकरी दोन, पिकाच्या शेंड्यापेक्षा एक-दीड फूट उंच लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. ल्यूर फ्रीजमध्ये ठेवा, पाकीट टांगतानाच फोडा. तंबाखू मळलेल्या हाताने ल्यूर धरू नका; दुसरा ल्यूर हाताळण्यापूर्वी हातमोजे बदला. साधारण तीन-चार आठवड्यांनी ल्यूर बदला. जुना शेतात टाकू नका, त्याचा वास येतच राहतो.

प्रश्न : सापळ्यात फक्त नर मरतात. मग फायदा काय?

उत्तर : एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे एकरी दोन सापळ्यांनी कीड आटोक्यात येणार नाही. ते अंदाजासाठी असतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-दहा गुलाबी बोंडअळीचे पतंग दिसले, की एकरातली 20 हिरवी बोंडे फोडून पाहा. दोनांत अळी निघाली तर फवारणी करा. हंगामाच्या शेवटी मात्र पतंग कमी पडले म्हणून निर्धास्त राहू नका. शेतात खऱ्या माद्या खूप झाल्या की ल्यूरकडे नर कमी येतात.