वाचकांचे प्रश्न : भावाची जुनी गाडी आणि एकटीने कोकण

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यात शिक्षिका असून माझे वय ४७ आहे. दिवाळीच्या सुटीत एकटीने गाडी चालवत अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेने जावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. थोरल्या भावाची २००८ सालची मारुती ८०० आहे आणि तो ती आनंदाने देतो आहे. धुळे-जळगावपर्यंत मी ती नेहमी चालवते. घरचे म्हणतात की, गाडी जुनी, त्यात बाई एकटी, हे धाडस नको. गाडीला हा प्रवास झेपेल का? ती माझ्या नावावर नसल्याने काही अडचण येईल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आपण जरूर जावे. कोकणात पोहोचल्यावर दिवसाला दीडशे किलोमीटरच्या आत चालवायचे, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठायचा आणि पुढचा मुक्काम घरी कळवून ठेवायचा, हे नियम एकट्याने निघालेल्या पुरुषानेही पाळावेत असेच आहेत. त्यामुळे घरच्यांची ती हरकत मला पटत नाही. गाडीविषयीची काळजी मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर घाटात आहे.

आपली गाडी आजवर तापीच्या सपाट खोऱ्यात चालली. तिथे ब्रेक सलग दहा मिनिटे वापरण्याची वेळ येत नाही, म्हणून त्यांचा खरा कस लागलेलाच नसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदलले नसेल, तर लांब उतारावर ब्रेक तापताच त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी मऊ पडते. म्हणून ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्यावे, पुढचे पॅड आणि मागच्या ड्रममधले लायनर उघडून पाहावेत, रेडिएटरचे रबरी पाइप दाबून पाहावेत आणि इंजिन तापल्यावर पंखा आपोआप सुरू होतो की नाही, याची समोर उभे राहून खात्री करावी. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन तो कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात आणि शेवटचे दोन कोणत्या वर्षी. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर म्हातारे झालेले असते, त्यामुळे सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर, स्टेपनीसह, बदललेलाच बरा. क्लच केबल आणि फॅन बेल्ट स्वस्त असतात. एकेक जादा घेऊन ठेवावा.

एवढे झाले की गाडी चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात नेऊन चढवावी आणि उतरवावी. चढताना तापमानाचा काटा मध्यावर टिकला आणि उतरल्यावर ब्रेकचा जळका वास आला नाही, तर गाडी कोकणात जाऊ शकते. यांपैकी एक जरी खूण चुकली, तरी दुरुस्ती करून पुन्हा घाट करावा, पण तसेच निघू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरण्याची आपल्याकडे अनेकांना असलेली सवय जिवावर बेतणारी आहे.

वाटेविषयी माझे मत असे की, पहिला मुक्काम नाशिकला करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसारा घाट उतरून पनवेल-पेणमार्गे अलिबाग गाठावे. ताम्हिणी घाट देखणा आहे, पण वळणे तीव्र आहेत आणि आपल्याला घाटाचा सराव नाही. पुढचा सागरी मार्ग खाड्यांनी तोडलेला आहे, म्हणून आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त तीव्र होतो आणि बुटक्या गाडीचा सायलेन्सर घासू शकतो. बोटीवरचे कर्मचारी सांगतील तसे अगदी हळू चढावे आणि बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. या मार्गावरचा दिवेआगर ते श्रीवर्धन हा पट्टा बराच वेळ समुद्राला लागून जातो. तिथे घाई करू नये.

आता मालकीविषयी. मालकाची परवानगी आणि आपला वैध परवाना असला, तर दुसऱ्याची गाडी चालवण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र खासगी गाडीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे ही गाडी नूतनीकरणानंतरच रस्त्यावर आणता येते. आरसीवरची तारीख, विमा आणि पीयूसी तिन्ही स्वतः पाहावे. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर चालतो, त्यामुळे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तरी तो लागू राहतो. परंतु पॉलिसीतले १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालक-चालकासाठी, म्हणजे आपल्या भावासाठी आहे. गाडी मागून नेणाऱ्याला ते मिळत नाही. उसन्या गाडीबाबत बहुतेकांना हे माहीत नसते, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेऊनच निघावे. फास्टॅगचा टोल आणि ई-चलान दोन्ही भावाकडे जातील. घरी परतल्यावर ते पैसे त्याला चुकते करावेत. गाडीचे भाडे म्हणून मात्र एक रुपयाही देऊ नये, कारण खासगी गाडी भाड्याने दिली असे ठरले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

प्रश्न : आम्हीही मित्राची जुनी गाडी घेऊन कोकणात जात आहोत. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेता येईल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नेऊ नये. ओली वाळू वरून टणक दिसते, पण चाक एकदा रुतले की जितका ॲक्सिलरेटर द्याल तितके ते खाली जाते आणि तोवर भरती येते. ढोबळमानाने, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि पाणी रोजच्यापेक्षा बरेच वर चढते. गाडी रस्त्यावरच ठेवून पायी जावे. परत आल्यावर गाडीचा तळ आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुऊन घ्याव्यात, कारण खाऱ्या हवेने जुन्या पत्र्याला गंज लवकर धरतो आणि गाडी मित्राची आहे.