स्टुटगार्टला येताना आधी नेट, मग लायसन्स, गाडी सगळ्यात शेवटी

तुझा मेल पोचला. ऑफर लेटर मिळाल्याचं बाबांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. अभिनंदन! आता तुझे प्रश्न. पीथमपूरची नोकरी सोडून तुम्ही दोघं दोन-तीन महिन्यांत इथे जर्मनीत येताय. महिंद्राची नवी इलेक्ट्रिक बुक केली आहे, ती सोडावी की इकडे आणावी? घरची स्विफ्ट विकावी का? इथे आल्या आल्या कोणती गाडी घ्यावी? इंदूरचं लायसन्स चालेल का? आणि सगळ्यात शेवटी, एका ओळीत, सूनबाईंचं काम घरून चालतं तर वायफाय लगेच मिळेल ना?

गाडीवर चार पानं आणि नेटवर एक ओळ, हा हिशेब अगदी आपल्या इंदूरला शोभणारा आहे. तिकडे नेट म्हणजे कॉलनीतल्या मुलाला फोन करायचा, तो संध्याकाळी खांबावरून फायबर ओढतो आणि रात्रीच्या जेवणाआधी मॅच सुरू. गाडीसाठी मात्र वेटिंग. इथे बरोब्बर उलटं आहे. पैसे असतील तर चांगली गाडी आठवड्याभरात दारात उभी करता येते, पण घरचं नेट लागायला कित्येक आठवडे जाऊ शकतात आणि लायसन्सला त्याहून जास्त. म्हणून शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो.

भाड्याच्या घराचा करार सही झाला की त्याच दिवशी नेटची ऑर्डर दे, मग तू इंदुरात असलास तरी चालेल. ऑर्डर देताना ते नुसता पत्ता विचारत नाहीत. घर कितव्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला की उजव्या, आधीचा भाडेकरू कोण, हेही विचारतात, कारण इथल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटला नंबर नसतात. घरमालकाकडून आधीच्या भाडेकरूचं आडनाव नक्की मागून घे. त्याच्या नावावर चालू असलेली लाइन सापडली तर काम खूप सोपं होतं. पैसे बँक खात्यातून परस्पर कापले जातात, तेव्हा युरोपातलं खातं आधी उघडावं लागेल.

आता टेक्निशियन. तो सकाळी आठ ते बारा, किंवा बारा ते चार, असा लांबलचक वेळ देतो आणि त्यात कधीही येतो. फोन करेलच असं नाही. खाली दाराशी बेलची पाटी असते. आडनावांची छोटी छोटी चौकोनी खोकी, प्रत्येकापुढे एक बटण. तुझं नाव तिथे नसेल तर तो वाट बघत नाही, 'ग्राहक भेटला नाही' असं लिहून निघून जातो. आमच्या पहिल्या घरी तेच झालं. मी वर खिडकीत कॉफी घेऊन उभा होतो आणि कंपनीची व्हॅन खालून वळून निघून गेली. पाटीवर आधीच्या बाईंचंच नाव होतं, मालकाची नवी पाटी अजून यायची होती. म्हणून सामान उघडायच्या आधी साध्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने बेलवर लाव. टेक्निशियनचीच वेळ चुकली तर मात्र 2021 च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या टेलिकॉम कायद्यात भरपाई आहे. हुकलेल्या प्रत्येक भेटीचे दहा युरो किंवा महिन्याच्या बिलाचे वीस टक्के, जे जास्त असेल ते. मागितल्याशिवाय मिळत नाहीत, तेव्हा माग.

कनेक्शन तीन प्रकारचं. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून येणारं डीएसएल, टीव्हीच्या केबलवरून येणारं, आणि खरं फायबर. इंदुरात फायबरची सवय झालेल्या माणसाला धक्का बसेल, पण स्टुटगार्टच्या चांगल्या वस्तीतही तांब्याच्या तारेवर राहावं लागेल याची तयारी ठेव. फायबर कधीकधी रस्त्यापर्यंत आलेलं असतं, पण तळघरातून वर न्यायला मालकाची परवानगी अडकलेली असते. जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो, तू अपलोड बघ. डीएसएलवर चांगल्यात चांगला प्लॅन 250 एमबीपीएस खाली (डाउनलोड), 40 वर (अपलोड). केबलवर हजार खाली, पण वर पन्नासच्या आसपास, आणि संध्याकाळी आख्खी गल्ली सिरीयल बघायला बसली की केबल दम खाते. सूनबाईंना दिवसभर व्हिडिओ मीटिंग आहेत, म्हणजे मोठ्या आकड्यापेक्षा न डगमगणारी लाइन महत्त्वाची. मी असतो तर डीएसएल घेतलं असतं. इंदूरशी वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तिकडचे दहा म्हणजे इकडची पहाट, आणि पहाटे लाइन मोकळी असते, तेवढा फायदा. भारतीय कंपनीचं काम जर्मनीत बसून करण्याचा कर आणि सामाजिक विम्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो तिच्या ऑफिसात लेखी विचारून घ्या, येण्याच्या आधी.

करार बहुतेक 24 महिन्यांचा पुढे सरकवतात. बारा महिन्यांचा पर्याय द्यावाच लागतो, फक्त तो स्वतःहून दाखवत नाहीत. मुदत संपली की एका महिन्याच्या नोटिसीवर सुटता येतं. ऑनलाइन घेतलेला करार चौदा दिवसांत रद्द करता येतो. राउटर स्वतःचा लावायची मुभा 2016 पासून कायद्यानेच आहे, त्यामुळे भाड्याचा डबा घेऊ नकोस, फ्रिट्झबॉक्स विकत घे. प्रत्यक्ष स्पीड करारापेक्षा सतत कमी आला तर टेलिकॉम नियामकाच्या मोजणीच्या सॉफ्टवेअरने मोजून बिल कमी करून घेता येतं. मधल्या काळासाठी मोठ्या डेटाचं प्रीपेड सिम घे आणि फोनचा हॉटस्पॉट चालव. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम जिवंत ठेव, रिचार्ज चुकवू नकोस.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टॉरेंट इथे विसर. नवा सिनेमा डाउनलोड केलास तर वकिलाचं पत्र येतं आणि त्यात शेकडो युरोंचा आकडा असतो. नेट ज्याच्या नावावर, पत्र त्याच्या नावावर. पाहुण्याने केलं असेल तरी.

आता लायसन्स. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन ये. इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, पण परवाना किंवा मान्यताप्राप्त भाषांतर सोबत हवं. कार्ड प्लास्टिकचं, खरं हवं, डिजिलॉकर दाखवलंस तर पोलिस तुझ्याकडेच बघत राहील. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा असतो म्हणून इथेही वर्षभर चालेल असं अनेकांना वाटतं. चालत नाही. सहा महिने झाले की तू लायसन्स नसलेला माणूस.

काही देशांचं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्यांना सक्तीचे असलेले तास आपल्याला माफ आहेत, पण परीक्षेची गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच लागते. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्सही करावा लागतो. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. तीस प्रश्न असतात, आणि दहापेक्षा जास्त दोषगुण झाले की बाद. प्रत्यक्ष परीक्षेत सूचना जर्मनमध्ये असतात, तेव्हा डावीकडे, उजवीकडे, पुढच्या चौकात, गाडी लावा, एवढं तरी कानात बसव.

माझ्या ओळखीतला एक इंदुरी, महू-पीथमपूर रस्त्यावर पंधरा वर्षं गाडी हाणलेला, पहिल्या खेपेला बाद झाला. निवासी भागातला साधा चौक होता, ना सिग्नल ना पाटी. उजवीकडच्या गल्लीतून एक म्हातारी छोट्या गाडीत हळूहळू येत होती. नियम असा की पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपला माणूस, सवयीने, 'मोठा रस्ता माझा' म्हणून सरळ निघाला. शेजारी बसलेल्या शिक्षकाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. शिक्षकाचा पाय ब्रेकवर गेला की परीक्षा संपली. मागे बसलेल्या परीक्षकाने एक शब्द न बोलता पेन टोपणात घातलं. पुन्हा बसायला किमान दोन आठवडे थांबावं लागलं, फी परत भरावी लागली. म्हणून आठ-दहा तास तरी स्वतःहून घे. गाडी चालवायला शिकायचं नाहीये, आरशाकडे आणि खांद्यावरून मागे मान वळवून बघायला शिकायचंय. लेन बदलताना मान नाही वळली तर नुसतं आरशात बघितलेलं त्यांच्या खिजगणतीत नाही. आणि हॉर्न! वस्तीत धोका असेल तरच. पास झालास की भारतीय कार्ड ते जमा करून घेतात, त्याची रंगीत प्रत आधीच काढून ठेव.

या सगळ्याला चार-पाच महिने जातात. अर्ज पहिल्याच महिन्यात कर, पत्ता नोंदवला की लगेच. पत्ता नोंदवायला दोन आठवड्यांची मुदत असते आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं.

तोवर गाडीशिवाय चालतं का? स्टुटगार्टमध्ये आरामात. देशभरच्या लोकल, बस, ट्रामला चालणारा डॉइचलांड टिकिट पास 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झाला, 2026 पासून 63 युरो झाला. कंपनी बहुतेक त्यात वाटा उचलते, विचार.

महिंद्रा इकडे आणायचं मनातून काढून टाक. चार्जिंगचं भोक तेच आहे, सीसीएस-2, म्हणून तुला वाटलं असेल की जमेल. पण स्टीयरिंग उजवीकडे, युरोपची मान्यता नाही, एकेका गाडीची वेगळी तपासणी, वर दहा टक्के सीमाशुल्क आणि एकोणीस टक्के कर. राहतं घर हलवणाऱ्याला शुल्कमाफी आहे, पण गाडी किमान सहा महिने वापरलेली हवी. तुझी तर शोरूममधूनही निघालेली नाही. बुकिंग रद्द कर.

इथे कोणती घ्यावी, यावर तू चार मॉडेलं लिहिलीस. मी एकही निवडत नाही. स्टुटगार्टमध्ये राहून नवी कोरी घेणं मला पटत नाही एवढंच सांगतो. शहराच्या एका कडेला मर्सिडीज, दुसऱ्या कडेला पोर्शे, थोडं पुढे झिंडेलफिंगेनला मर्सिडीजचाच आणखी एक प्लांट. कारखान्यातले लोक सवलतीत गाडी घेतात आणि वर्षभर वापरून विकतात. 'यारेसवागेन' म्हणतात तिला. सर्व्हिस बुक पूर्ण, किलोमीटर कमी, किमतीला मात्र मोठी कात्री. नव्या इंजिनीअरला यापेक्षा चांगला सौदा मिळत नाही. कंपनी गाडी देत असेल तर हिशेब वेगळा. साध्या गाडीच्या छापील किमतीचा एक टक्का दर महिन्याला तुझ्या करपात्र पगारात धरतात, ठरावीक किमतीपर्यंतच्या इलेक्ट्रिकला फक्त पाव टक्का, शिवाय घर ते ऑफिसच्या अंतराचं थोडं वेगळं. पाव टक्क्याची इलेक्ट्रिक मिळत असेल तर डोळे मिटून घे.

मात्र इलेक्ट्रिक घेण्याआधी गॅरेजमध्ये उतरून बघ. भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लावायची परवानगी मागायचा हक्क 2020 च्या अखेरीपासून आहे, आणि 11 किलोवॅटपर्यंत वीज वितरकाला कळवलं की पुरतं. पण ही गॅरेजं दोन-दोन मजले जमिनीखाली असतात. तिथे ना मोबाइलला रेंज, ना तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या वायफायचा पत्ता. ॲपवरून सुरू होणारा चार्जर तिथे नुसता दिवा लावून बसतो, आणि गाडीचं सॉफ्टवेअर अपडेटही अर्ध्यात लटकतं. कार्डाने किंवा किल्लीने चालणारा चार्जर निवड. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला अर्धा युरो किंवा त्याहून जास्त पडतो, घरी चार्ज करता आलं नाही तर इलेक्ट्रिकची निम्मी मजा जाते.

विम्यात इंदूरचा नो-क्लेम सहसा धरत नाहीत, तू नवशिक्या म्हणून सुरू होशील आणि पहिल्या वर्षाचा हप्ता बघून डोळे पांढरे होतील. डिझेलचा मोह झालाच तर 'युरो 4' या प्रदूषण-मानकाचं किंवा त्याहून जुनं घेऊ नकोस, 2019 पासून त्यांना शहरात बंदी आहे. हिवाळी टायर हवेतच, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले. बर्फात साधे टायर सापडले तर साठ युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. रविवारी घरासमोर बादली घेऊन गाडी धुवायची आपली सवय इथे बंद, साबणाचं पाणी जमिनीत गेलेलं चालत नाही. धुण्याच्या सेंटरला जायचं.

ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, वेगमर्यादा नसते का, हेही विचारलंस. हो, बऱ्याच भागांत वेगमर्यादा नाही, 130 ची फक्त शिफारस आहे. पण म्युनिककडे जाणाऱ्या ए-8 वर डोंगर चढताना ट्रक एका रेषेत रांगतात, आपल्या गणपती घाटासारखे, आणि तिथे तुझा टॉप स्पीड कोणी विचारत नाही. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रातल्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर जे बघितलंयस, ते इथे रोजच्या ऑफिसच्या वाटेवर शोधू नकोस.

स्विफ्ट विकू नकोस. आई-बाबांना दवाखान्यात न्यायला लागेल. ती बाबांच्या नावावर करून दे, फॉर्म 29 आणि 30 भरून नायता मुंडल्याच्या आरटीओत. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा फॉर्म 35 ने आधी उतरव. विमाही त्यांच्या नावावर जाईल, तेव्हा स्वतःचं नो-क्लेम सर्टिफिकेट मागून घे, तीन वर्षांत परत आलास तर उपयोगी पडेल. फास्टॅगला तुझं खातं जोडलेलं आहे, ते बंद करून बाबांचं जोड, नाहीतर देवासच्या टोलचा मेसेज तुला इथे मीटिंगमध्ये येत राहील. बाबांना नमस्कार सांग. घराचा पत्ता पक्का झाला की मला पाठव, तिथे कोणती लाइन येते ते मी बघून ठेवतो.