चर्च नक्की कुठल्या काळातलं?

प्रश्न : नमस्कार. लेक-जावई इंग्लंडला हेरफर्डशायरमधे असतात, यंदा आम्ही दोघं जाऊन आलो. त्यांच्या खेड्यात एक दगडी चर्च आहे. दाराची कमान अर्धगोल, आतल्या कमानी टोकदार, उत्तरेचं दार दगड भरून बुजवलेलं आणि वेदीकडचा भाग बाकीच्यापेक्षा बुटका. आतल्या पाटीवर १८७८ लिहिलंय आणि पुस्तिकेत नॉर्मन काळ. खरं काय धरायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही खरं. आपल्याकडं कसं खाली जुनं दगडी देऊळ आणि वर नंतर कुणीतरी बांधलेलं विटा-चुन्याचं शिखर असतं, तसंच हे, एका सालात बांधून झालेलं खेड्यातलं चर्च तिकडं क्वचितच सापडेल.

अर्धगोल कमान बहुतेक नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकलं त्यानंतरची शंभरेक वर्षं. त्याच भागात किलपेकचं चर्च आहे, साधारण ११४० चं, तांबड्या दगडाच्या दारावर काय कोरीवकाम आहे, परत गेलात तर ते चुकवू नका. टोकदार कमानी बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या. गावाची वस्ती वाढली की जुन्या भिंतीत कमानी पाडायच्या आणि बाहेरून एक पडवी जोडायची अशी रीत होती, त्यामुळं कधीकधी कमानींच्या वर एखादी जुनी खिडकी तशीच राहिलेली दिसते, आता ती आतच उघडते पण एकेकाळी ती भिंत बाहेरची होती!

बुटक्या भागाचं म्हणाल तर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. वेदीकडच्या भागाला चॅन्सल म्हणतात, त्याची डागडुजी रेक्टरकडं, म्हणजे गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याला मिळायचा त्याच्याकडं, आणि लोक उभे राहायचे तो नेव्ह गावानं सांभाळायचा. पैसा वेगळा, हौस वेगळी, म्हणून लोकरीच्या धंद्यात पैसा आलेल्या गावांनी नेव्ह उंच करून घेतले आणि चॅन्सल तसंच राहिलं, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

बुजवलेलं दार सैतानासाठी होतं अशी गोष्ट तिकडं सांगतात, मला ती पटत नाही. उत्तरेच्या दारातून मिरवणूक निघायची, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं तेव्हा, मिरवणुका बंद झाल्या आणि दाराचं कामच उरलं नाही, हे जास्त पटतं. त्याच धामधुमीत, १५४७ नंतर, भिंतींवरच्या चित्रांवर गावोगाव चुना फासला गेला. फार वाईट वाटतं, पण चुन्याखाली काही चित्रं टिकली आणि आता ती परत उजेडात आलीत.

१८७८ म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली दुरुस्ती असणार. तेव्हा शेकडो चर्चमधे बाकं, फरश्या, रंगीत काचा नव्यानं बसवल्या, जुना गिलावा खरवडून काढला. असल्या दुरुस्त्यांना वैतागूनच विल्यम मॉरिस या कवी-कलाकारानं १८७७ साली जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, ती आजही चालू आहे.

आता लेकीला एक काम सांगा. दक्षिणेच्या दाराशेजारी दगडावर मधे भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा दिसतात का बघायला सांगा. ते प्रार्थनेची वेळ कळायचं सूर्यघड्याळ, भोकात काडी बसवायचे. तिकडं दुपारी सूर्य दक्षिणेलाच असतो म्हणून ते त्या भिंतीवर. आणि ते पोर्चच्या आत, सावलीत सापडलं तर पोर्च नक्कीच नंतर बांधलेला, किंवा तो दगड दुसरीकडून आणून बसवलेला.