पोराला ईक्यूचा क्लास लावू का?

अगं, तुझं पत्र आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा १५ वर्षांचा, मित्रांनी त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं, तुला ते कळलं दुसऱ्याच एका मुलाच्या आईकडून आणि तेही महिनाभरानं, विचारायला गेलीस तर "काही नाही गं, जा ना", अजून खोदून विचारलंस तर मोबाईल गादीवर आपटला आणि धाडकन दार लावून घेतलं. त्याचे बाबा तुला म्हणाले एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीयस. आणि तू कुठंतरी इमोशनल इंटेलिजन्सबद्दल, म्हणजे भावना समजून त्या हाताळण्याच्या हुशारीबद्दल (तिलाच ईक्यू म्हणतात) वाचलंस, तेव्हापासून रोज रात्री त्याला विचारतेस की आजचा मूड दहापैकी किती, तो रोज सात म्हणतो, आणि आता ईक्यूचा क्लास लावायचं तुझ्या मनात आहे.

नको लावूस. रोज सात म्हणणारा पोरगा चांगला हुशार आहे, त्याला बरोब्बर कळलंय की पाच म्हटलं तर चौकशी बसेल, दहा म्हटलं तर आईला खोटं वाटेल, सात म्हटलं की आई गुडनाईट म्हणून जाते.

ईक्यू म्हटलं की आपल्याला एकच सुचतं, रागावर कंट्रोल. पण ज्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली, पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर, त्यांनी पुढं १९९७ मध्ये तिचे चार भाग सांगितले: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशातून येतात नि कशा बदलतात ते समजणं, आणि सांभाळणं सगळ्यात शेवटी. आपण पोरांना थेट शेवटच्या पायरीवर उभं करतो. आपल्याला नक्की काय होतंय हेच त्याला कळेना आणि वर आपलं चालू, शांत हो, शांत हो.

आणि त्याच्या बाबांना सांग, गोष्ट एवढीशी नाहीये. कॉम्प्युटरवर चेंडू पास करायचा एक खेळ संशोधनात वापरतात, त्यात थोड्या वेळानं एकाला मुद्दाम पास देणंच बंद करतात. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तो किशोरवयीन मुलींना आणि मोठ्या बायकांना खेळायला दिला, तर बाजूला टाकल्यावर मुलींचा मूड जास्त घसरला. समोरचे खेळाडू अनोळखी, खेळ काही मिनिटांचा, तरी ही गत. तुझ्या लेकाला तर रोज वर्गात ज्यांच्या शेजारी बसायचं त्यांनीच काढलंय! त्यात या वयात मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो आणि ब्रेक लावणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते, म्हणून दार आपटल्या आपटल्या मागोमाग आत जाऊन समजवायचं नाही, त्या वेळी काहीही डोक्यात शिरत नाही. तासाभरानं बोल, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

मग करायचं काय? मूडचे मार्क विचारणं आजपासून बंद. त्याऐवजी तू तुझं बोल, म्हणजे त्याला ऐकवायचं म्हणून लेक्चर नाही, जाता जाता. "आज मीटिंगमध्ये माझं बोलणं मधेच तोडलं गं बाई, आधी वाटलं राग आलाय, पण राग नव्हता तो, सगळ्यांसमोर अपमान झाल्यासारखं वाटलं." एवढंच आणि पुढं कामाला लाग. असं रोज कानावर पडलं की पोरांना कळतं की या घरात हे बोललं तरी चालतं. समोरासमोर बसवून विचारू नकोस, कपड्यांच्या घड्या घालताना, चालता चालता, गाडीत, जिथं नजरेला नजर द्यावी लागत नाही तिथं मुलं जास्त बोलतात, हा माझा अनुभव आहे. आणि बोललाच तर तोडगा देऊ नकोस लगेच. "ग्रुपमधून काढलं तेव्हा वाईट वाटलं असेल ना, की राग आला, की लाज वाटली?" असं विचार आणि गप्प बस. हे गप्प बसणं तुला फार जड जाणार आहे, पत्रावरूनच दिसतंय :)

उशिरापर्यंत जागतो म्हणून रोज भांडू नकोस, या वयात झोपच उशिरा येते. पण ८ ते १० तास झोप लागतेच, तेव्हा फोन रात्री खोलीबाहेर ठेवायचा, सगळ्यांचा, बाबांचाही.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. दोन आठवडे सलग उदास किंवा सतत चिडचिडा, आवडीच्या गोष्टी सोडल्या, जेवण-झोप बिघडली, शाळेत जायचंच नाही म्हणतो, असं असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखव. स्वतःला इजा करण्याचं किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर तर त्याच दिवशी, आणि त्याला एकटं सोडू नकोस. मरायचे विचार येतात का हे सरळ विचारायला घाबरू नकोस, विचारल्यानं असले विचार डोक्यात येत नाहीत, उलट बऱ्याच मुलांना हायसं वाटतं.

आणि हो, त्या दुसऱ्या आईला फोन करून "तुमच्या मुलाला सांगा ना त्याला परत घ्यायला" असं म्हणणार होतीस ना? त्याला विचारल्याशिवाय अजिबात करू नकोस. तो नको म्हणाला तर नको.